माहिती अटीसकट हवी

छातीत कळ आली आणि घरात तुम्ही एकटेच असाल तर घाबरू नका, जोरजोरात खोका. प्रत्येक वेळी आधी खोल श्वास घ्या, दर दोन सेकंदांनी खोका, मदत येईपर्यंत थांबू नका. हा मेसेज दहा जणांना पाठवा, एकाचा तरी जीव वाचेल.

हा मजकूर मराठी वाचकाला नवा नाही. कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या बॅचच्या आणि निवृत्तांच्या ग्रुपवर तो काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा येतो. खाली कधी एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाचं नाव असतं, कधी नुसतंच 'डॉक्टर मित्राकडून'. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ असाच एकटा असताना गेलेला असतो आणि दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये एवढीच त्याची इच्छा असते.

या मेसेजचा माग काढत मागे गेलं तर १९७६ साली आपण कॅलिफोर्नियातल्या एका कॅथलॅबमध्ये पोचतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी टेबलावर सुरू असताना काही रुग्णांच्या हृदयाचा ठेका अचानक बिघडला. ठोके पडण्याऐवजी हृदय नुसतं थरथरू लागलं. अशा वेळी माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. समोर मॉनिटर होता, डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी रुग्णांना लगेच आणि पुन्हा पुन्हा खोकायला सांगितलं. खोकल्याने छातीत जो दाब तयार होतो, त्याने थोडं रक्त मेंदूकडे ढकललं गेलं आणि काही रुग्ण २४ ते ३९ सेकंद शुद्धीवर राहिले. तेवढ्यात विजेचा शॉक देऊन ठेका पूर्ववत करता आला. मायकेल क्रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'जामा' या नियतकालिकात छापलं. ते खरं होतं आणि आजही खरं आहे.

पुढे १९९९च्या सुमारास हीच गोष्ट ईमेलमधून फिरू लागली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका हॉस्पिटलचं नाव तिला चिकटलं. आमचा याच्याशी संबंध नाही, असं त्या हॉस्पिटलने सांगूनही काही उपयोग झाला नाही. कॅथलॅब गेली, मॉनिटर गेला, शेजारी उभा असलेला डॉक्टर गेला, शॉकचं यंत्र गेलं, ३९ सेकंदांची मर्यादाही गेली. खोकला तेवढा उरला. हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा बहुतेक माणसांच्या हृदयाचा ठेका चालू असतो. रक्तवाहिनी तुंबलेली असते आणि खोकून ती मोकळी होत नाही. त्या वेळी करायचं काम एकच, १०८ला फोन लावणं किंवा शेजाऱ्याचं दार ठोठावणं. घरात बसून खोकण्यात जी दहा-पंधरा मिनिटं जातात, ती हृदयाच्या स्नायूच्या खात्यातून जातात. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन सर्वसामान्यांना हा उपाय सुचवत नाही.

मी या एका मेसेजवर एवढा रेंगाळलो, कारण या पुस्तकाच्या पुढच्या पानांत जे काही मांडलं आहे त्याचं बीज इथे आहे. इंटरनेटवरच्या आरोग्यमाहितीबद्दल बोलताना आपण खरी माहिती आणि खोटी माहिती असे दोन ढीग करतो आणि खोटी ओळखायची कशी एवढंच विचारत बसतो. धादांत खोटं असतंच, आणि ते विकणारेही असतात. पण दवाखान्यात जी माणसं उशिरा, चुकीचं काहीतरी घेऊन किंवा चालू औषध बंद करून येतात, त्यांच्याशी नीट बोललं की वेगळंच चित्र दिसतं. त्यांनी वाचलेलं बहुतेकदा कुठेतरी, कुणासाठी तरी खरं असतं. कुणासाठी, किती, कधी आणि केव्हा नाही, या अटी तेवढ्या वाटेत गळालेल्या असतात. वैद्यकातलं जवळजवळ प्रत्येक विधान अटींवर उभं असतं. हातोहात फिरताना सगळ्यात आधी गळतात त्या अटीच, कारण त्या लांब असतात, कंटाळवाण्या असतात आणि त्यांनी मेसेजचा जोर कमी होतो.

याची सगळ्यात मोठी किंमत महाराष्ट्राने २०२१च्या उन्हाळ्यात मोजली. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते, ऑक्सिजनवर असलेल्यांतले सुमारे एक पंचमांशाने. त्याच निष्कर्षात तिसरं वाक्यही होतं. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना या औषधाचा फायदा दिसला नाही. मात्रा ठरलेली होती, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. जगभरातल्या बातम्यांचे मथळे पहिल्या वाक्याचे झाले.

दुसरी लाट आली तेव्हा बेड मिळत नव्हते आणि डॉक्टर फोन उचलू शकत नव्हते. तेव्हा एका रुग्णाच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो दुसऱ्याच्या घरी उपचार म्हणून पोचू लागला. पुण्यातल्या भाच्याला लिहून दिलेला कागद साताऱ्यातल्या मामाने मेडिकलवर दाखवायचा आणि गोळ्या घेऊन यायच्या. त्या कागदावर भाच्याचं वय नसायचं, ऑक्सिजन किती होता ते नसायचं, शुगर होती की नाही तेही नसायचं. साध्या तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू झालेली, साखर आधीच वाढलेली आणि आता हाताबाहेर गेलेली, अशी माणसं पुढच्या काही आठवड्यांत नाकाशेजारी काळे डाग, दुखणारा जबडा, सुजलेला डोळा घेऊन आली. म्युकरमायकोसिसचे सर्वाधिक रुग्ण आढळलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. अनेकांचा डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागला.

याचं सगळं खापर फॉरवर्डवर फोडणं अन्यायाचं होईल. निदान न झालेला किंवा ताब्यात नसलेला मधुमेह हे मोठं कारण होतं, विषाणूचा स्वतःचाही परिणाम होता, आणि गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड लिहून देणारे डॉक्टरही होते. तरीही तो फोटो आठवतो, कारण त्यात खोटं असं काहीच नव्हतं. औषध खरं, डॉक्टर खरे, शिक्काही खरा.

लोक मोबाइलला का विचारतात, याचा विचार न करता त्यांना शहाणपण शिकवणं मला आवडत नाही. 'गुगल करून येऊ नका' अशी पाटी काही दवाखान्यांत दिसते. ती लावणाऱ्यांचा वैताग मला कळतो. पण २०१७ साली 'बीएमजे ओपन'मध्ये ६७ देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटींचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं मिळतात, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटं. दोन मिनिटांत गोळ्यांची नावं सांगून होतात. ती कशासाठी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, एखादी चुकली तर काय, आणि मला हे झालंच का, हे सगळं बाकी राहतं. बाई घरी येते आणि मोबाइलला विचारते. अंगावरून पांढरं जातं हे सासूसमोर डॉक्टरांना सांगता येत नाही, छातीतली गाठ नवऱ्यालाही दाखवायची लाज वाटते, लग्न ठरलेल्या मुलाला जे विचारायचं असतं ते तो मित्रालाही विचारू शकत नाही. मोबाइल ओरडत नाही, घाईही करत नाही. थॅलेसेमियाच्या, दुर्मिळ आजारांच्या मुलांचे आईबाप एकमेकांना ऑनलाइन भेटले आणि त्यांनी एकमेकांना रक्तपेढ्या, योजना, तज्ज्ञ यांची नावं दिली, हा उपकार छोटा नाही. तो नाकारून लिहिलेलं कुठलंही पुस्तक लोक वाचणार नाहीत, आणि त्यांनी ते वाचूही नये.

मधुमेहाचं उदाहरण मात्र थांबून बघायला हवं, कारण महाराष्ट्रात ते घरोघरी आहे. 'शुगर मुळापासून बरी होते' हे वाक्य एकेकाळी फक्त जाहिरातीत असायचं. १९५४च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ज्या आजारांच्या उपचारांचे दावे करायला बंदी घातली, त्या यादीत मधुमेह आहे. मग २०१७च्या अखेरीस ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीने दाखवलं की काही रुग्णांत औषधांशिवायही साखर मधुमेहाच्या पातळीखाली येऊ शकते. वर्षाअखेर उपचार गटातल्या ४६ टक्के लोकांना हे जमलं. आनंदाची, खरी बातमी. हे रुग्ण टाइप २चे होते, निदान होऊन ६ वर्षांहून जास्त काळ गेलेला नव्हता, इन्सुलिनवर कुणीही नव्हतं, वजन जास्त होतं, आणि पहिले तीन ते पाच महिने रोज साधारण साडेआठशे कॅलरींचा द्रवआहार त्यांनी देखरेखीखाली घेतला होता. हे सगळं गाळून ती बातमी व्हिडिओतून येते तेव्हा ती टाइप १च्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईपर्यंतही पोचते. त्या मुलीचं शरीर इन्सुलिन तयारच करत नाही. तिची सुई थांबवली तर दोन-तीन दिवसांत ती उलट्या करत, धापा टाकत बेशुद्धीकडे जाऊ शकते. व्हिडिओत बोलणारा माणूस कदाचित प्रामाणिक असेल, त्याची स्वतःची शुगर खरंच उतरली असेल. ती आई ज्या मुलीसाठी तो व्हिडिओ बघतेय, ती त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती एवढंच.

हा प्रश्न कालपरवाचा नाही. १९९७ साली मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतल्या संशोधकांनी एक साधा विषय निवडला, घरी मुलाला ताप आला तर काय करावं. वेब तेव्हा नवी होती. त्यांना सापडलेल्या ४१ पानांपैकी मान्य मार्गदर्शनाशी नीट जुळणारी पानं अवघी ४ निघाली. पॅरासिटामॉल द्यावं यावर बऱ्यापैकी एकमत होतं. अंग पुसायचं कसं आणि ताप मोजायचा कसा, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होता.

आज आपल्याकडे एकमत असलेल्या त्या पॅरासिटामॉलपाशीच घोळ होतो. 'पाच मिली द्या' असं कुठेतरी लिहिलेलं असतं. मेडिकलच्या काउंटरवर जे सिरप मिळतं, त्यातल्या एका बाटलीत ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत ५ मिलीला २५० मिलिग्रॅम. तान्ह्यांसाठीचे ड्रॉप्स तर १ मिलीलाच १०० मिलिग्रॅम. दहा किलो वजनाच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम लागतं. पहिल्या बाटलीतले पाच मिली बरोबर, दुसरीतले जास्त, आणि ड्रॉप्सच्या बाटलीतून पाच मिली गेले तर ५०० मिलिग्रॅम. हे दिवसातून चार वेळा झालं की यकृताचा प्रश्न उभा राहतो. बाटल्या दिसायला सारख्याच असतात, तिन्हींवर फळाचं चित्र असू शकतं, आणि लेबलवरची अक्षरं रात्री दोन वाजता ट्यूबलाइटखाली वाचता येत नाहीत. बाळाचं वजन आणि बाटलीवरचा आकडा, या दोन गोष्टी विचारल्याशिवाय डोस सांगणारी कुठलीही माहिती, मग ती कितीही मोठ्या संस्थेची असो, अपुरी आहे.

वेबवरच्या वैद्यकीय माहितीवर शिक्का मारायचे प्रयत्न बरेच झाले. १९९७मध्ये 'जामा'च्या संपादकीयात चार कसोट्या मांडल्या होत्या: लिहिणारा कोण, आधार कशाचा, पैसा कुणाचा, तारीख कोणती. १९९६पासून जिनिव्हाची 'हेल्थ ऑन द नेट' ही संस्था कसोटीला उतरलेल्या संकेतस्थळांना आपलं चिन्ह देत असे. २०२२च्या अखेरीस ते काम बंद झालं. माहिती जोवर संकेतस्थळावर राहत होती तोवर शिक्क्याला अर्थ होता. आता ती तीस सेकंदांच्या रीलमध्ये आणि फॉरवर्डमध्ये राहते, आणि तिथे शिक्का मारायला जागाच नाही.

शिवाय वाचणाऱ्याची रीत वेगळी असते. २००२ साली जर्मनीत गुंथर आयझेनबाख आणि क्रिस्टियान कोलर यांनी लोकांना आधी विचारलं की तुम्ही माहिती पारखता कशी. लोक म्हणाले, आम्ही स्रोत बघतो. मग त्यांना प्रत्यक्ष शोधायला बसवलं. संकेतस्थळ कुणाचं आहे हे सांगणारं पान एकानेही उघडलं नाही. नंतर विचारलं तर माहिती कुठे मिळाली हेही फार थोड्यांना आठवलं. आपण सगळेच असे वागतो, डॉक्टरसुद्धा. आजारी माणूस किंवा आजारी माणसाजवळ बसलेला माणूस घाईत असतो, घाबरलेला असतो, आणि त्याला उत्तर हवं असतं. त्याच्याकडून ग्रंथपालाच्या शिस्तीची अपेक्षा करून चालत नाही. अटी माहितीच्या पोटातच बांधून द्यायला हव्यात, तिच्यापासून सुटू शकणार नाहीत अशा.

हे होऊ शकतं, आणि इथेच झालं आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासमोर प्रश्न होता की ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नाहीत, त्यांना लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखता कसा येईल. न्यूमोनियात श्वास जलद होतो, पण जलद म्हणजे किती हे वयावर ठरतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ, त्याहून मोठ्याला त्याहून कमी. त्यांनी एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दोन वयोगटांची मोजणी वेगवेगळी. सुईणीने वाळू पडेपर्यंत श्वास मोजत मणी सरकवायचे, की निदान तिच्या हातात. वयाची अट, वेळेची अट, आकड्याची अट, तिन्ही त्या लाकडात आणि मण्यांत होत्या. साधन दुसऱ्या गावात गेलं तरी अटी सोबत गेल्या. मराठी आरोग्यलेखनाने या साधनाकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं.

कारण मराठीत उणीव मोठी आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं 'मेडलाइनप्लस' १९९८पासून आहे, ब्रिटनच्या आरोग्यसेवेची पानं आहेत. मराठीत त्या तोडीचं, सतत तपासलं जाणारं, तारीख घातलेलं असं फार थोडं आहे. मग मराठीत शोधलं की समोर येतात घरगुती उपायांचे व्हिडिओ, किंवा यंत्राने केलेली भाषांतरं, ज्यांत मिलिग्रॅमचं मिलिलिटर झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आता संभाषण करणारी एआय साधनं चांगल्या, ओघवत्या मराठीत उत्तर देतात. वजन, वय, चालू औषधं सांगून विचारलं तर त्यांचं उत्तर पुष्कळदा कामाचं असतं. न सांगता विचारलं तर तेवढ्याच ओघवत्या भाषेत अट नसलेलं उत्तरही येऊ शकतं, आणि भाषेवरून दोन्हींतला फरक कळत नाही.

कर्करोगाच्या बाबतीत चुकीच्या माहितीचा धोका मोजला गेला आहे. स्तन, प्रोस्टेट, मोठं आतडं आणि फुफ्फुस या चार कर्करोगांवरचे, समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरलेले २०० इंग्रजी लेख तज्ज्ञांनी तपासले. सुमारे एक तृतीयांश लेखांत चुकीची माहिती होती, त्यातल्या बहुतेकांत रुग्णाला अपाय होईल असं काहीतरी होतं, आणि लोकांचा प्रतिसाद अपायकारक लेखांनाच जास्त होता. मराठीत अशी तपासणी व्हायला हवी. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून उपयोगाचा विषय मिळणं कठीण आहे.

या पुस्तकात आजारांची यादी आणि त्यापुढे उपाय अशी मांडणी नाही. प्रत्येक प्रकरण एका फिरणाऱ्या दाव्यापासून सुरू होतं, तो मूळ कुठे आणि कुणाबद्दल केला गेला ते शोधतं, आणि गळालेल्या अटी परत जागेवर ठेवतं. काही दावे त्यानंतरही उभे राहतात. हळद, उपास, चालणं, वाफ यांच्याबद्दल लिहिताना लेखकांनी परंपरेला झोडपलेलं नाही आणि डोक्यावरही घेतलेलं नाही. वाफेच्या प्रकरणात कोविडकाळात उकळत्या भांड्याने भाजलेल्या मुलांबद्दल लिहिलं आहे, ते घरातल्या सगळ्यांनी वाचावं. आयुर्वेदावरच्या प्रकरणाशी काही वाचकांचे मतभेद होतील, माझेही दोन ठिकाणी आहेत, आणि ते तसेच राहू दिले आहेत.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ते कधी तपासलं त्याची तारीख आहे. ती शोभेची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्ये रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना रेमडेसिविर देऊ नये अशी शिफारस केली होती. पाच महिन्यांनी आपल्याकडे लोक त्याच्या एका कुपीसाठी रात्रभर रांगेत उभे होते, दागिने मोडत होते. एप्रिल २०२२मध्ये, नवा पुरावा आल्यावर, सौम्य आजार पण जास्त धोका असलेल्यांसाठी संघटनेने तेच औषध सुचवलं. दोन्ही शिफारशी आपापल्या वेळी, आपापल्या रुग्णांसाठी योग्य होत्या. तेव्हा हे पुस्तक हातात घेताना आधी प्रकरणाखालची तारीख बघा. ती दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर त्यातले औषधांचे आणि मात्रांचे परिच्छेद तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका. आणि त्यातला एखादा परिच्छेद फोटो काढून ग्रुपवर टाकावासा वाटला, तर वरची चौकट कापू नका. तो सल्ला कुणाला लागू नाही, हे त्या चौकटीत छापलं आहे.